जोगणीच्या बावखलाचं आवतण

परेशभाऊ चुरी सकाळपासूनच स्टुडिओत येऊन बसले होते. नवा झब्बा, कपाळाला गंध, हातात मोगऱ्याचा गजरा. लग्न मुलीचं आहे की त्यांचं, असा प्रश्न पडावा.

थाट त्यांना शोभतही होता. 'रेडिओ आपली आळी' या आमच्या नव्या रेडिओ केंद्राची खोली त्यांची, खोलीखालची केळी-फुलं भरायची शेड त्यांची, आणि आमचा मनोरा ज्या वाडीत उभा होता ती वाडीही त्यांचीच. आमचा होता फक्त परवाना. आणि परवान्याची गंमत अशी की तो माणसांना मिळत नाही, जागेला मिळतो. मनोरा शेजारच्या वाडीत हलवायचा म्हटला तरी दिल्लीच्या सगळ्या सह्या पहिल्यापासून गोळा करायच्या. त्या सह्यांमागे मी दोन वर्षं फिरले होते. आकाशवाणीतलं निवेदिकेचं कंत्राटी काम सोडलं होतं आणि विरारच्या फ्लॅटमध्ये 'झालं का तुमचं स्टेशन?' हा नवऱ्याचा प्रश्न रोज भाजीबरोबर गिळला होता. परेशभाऊंनी जागा काढून घेतली तर मी पुन्हा उठून उभी राहीन, असं मला वाटत नव्हतं. ते बळच उरलं नव्हतं.

त्यांनी जागा देताना एक अट घातली होती. उद्घाटनाला पुढारी नको, भाषणं नको. त्यांच्या आर्याच्या लग्नातलं पाण्याचं आवतण थेट मांडवातून ऐकवायचं. "आपली जुनी रीत आहे. धवलारीण मी आणतो," असं ते म्हणाले होते. धवलारीण म्हणजे लग्नविधीची गाणी म्हणणारी बाई. आता या पट्ट्यात अशा बाया बोटांवर मोजण्याएवढ्या उरल्यात. मला तर हे सोन्याहून पिवळं वाटलं.

दुसरी अट त्यांनी बोलून दाखवली नव्हती, पण ती आम्हा सगळ्यांना पाठ होती. जोगणीच्या बावखलाचं नाव काढायचं नाही.

बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं, आत जिवंत झरे असलेलं. इथल्या केळी, पानवेली, सोनचाफा सगळं त्याच्यावर पोसलं गेलं. जोगणीचं बावखल परेशभाऊंच्या हद्दीत होतं. तीन वर्षांपूर्वी त्यांनी सातिवलीच्या आपल्या गाळ्यांचा राडारोडा आणून ते बुजवलं, वर माती टाकली, मातीवर हिरवळ लावली. तिथे लग्नाचं लॉन व्हायचं होतं. आळीतल्या काहींनी तहसिलात तक्रार केली, तेव्हा भाऊंनी सांगितलं की तिथे तळं नव्हतंच. पावसाचं पाणी साचणारा खड्डा होता, त्याला नावसुद्धा नाही. सुनावणी पुढच्या महिन्यात होती. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, म्हणून मी त्या हिरवळीकडे बघायचंच सोडून दिलं होतं.

प्रक्षेपणाला अर्धा तास असताना मांडवातून डायनाचा फोन आला. डायना गास गावची. चर्चच्या क्वायरचा साउंड सांभाळता सांभाळता ही विद्या शिकली, आणि आता आमच्याकडचं सगळं तांत्रिक तीच बघते. एरवी ती फोनवर आधी हसते. आज हसली नाही.

"हेमांगीताई, परेशभाऊ जवळ आहेत?"

"हो."

"मग तुम्ही नुसतं हो-नाही म्हणा. हंसाबाई आता मला सगळी नावं म्हणून दाखवत होत्या, आवाज लावायला. आधी विहिरी, मग बावखलं. बावखलांत तिसरं जोगणीचं आहे."

"बरं," मी म्हटलं.

"मी म्हटलं, मावशी, तेवढं गाळा. तर माझ्यावरच उखडल्या. म्हणाल्या, मधलं एक पानी सोडलं तर पोरीचं न्हान फुकट जातं. मी सुरू केलं की थांबायची नाय."

"आणि वहिनी?" मी परेशभाऊंच्या बायकोबद्दल, मीरावहिनींबद्दल विचारलं.

"शेजारीच आहेत. त्यांनी ऐकलं. तांबे पुसत बसल्यात."

"कोण?" परेशभाऊंनी विचारलं.

"डायना. वायरीचं काहीतरी," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

या आळीची रीत अशी की लग्नाच्या आदल्या दिवशी धवलारीण इथल्या प्रत्येक पाण्याला नावाने हाक मारते. नवरीच्या आईने त्या त्या पाण्याचा तांब्या आधीच भरून आणलेला असतो. हाक आली की तिने "आलं गं आलं" म्हणायचं आणि तांब्या हंड्यात ओतायचा. आईचं उत्तर आल्याशिवाय पुढचं नाव घेत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या हंड्याच्या पाण्याने नवरी न्हाते आणि मग मांडवात बसते.

हे सगळं बायकांचं. पुरुषांनी त्या वेळी मांडवात थांबायचं नसतं, ते बाहेर मंडपवाल्याशी हुज्जत घालत असतात. म्हणून पन्नाशी उलटलेल्या परेशभाऊंनी हे आवतण जन्मात कधी ऐकलं नव्हतं. बायका मांडवात काहीतरी जुनं, गोड म्हणतात, एवढंच त्यांना माहीत. बावखल बुजल्यापासून आळीतली लग्नं हॉलमध्ये डीजे लावून झाली, त्यामुळे तेव्हापासून हे आवतण झालंच नव्हतं. आता त्यांनी स्वतः धवलारीण बोलावली होती, स्वतःच्या लेकीसाठी, आणि वर ते रेडिओवर लावायला सांगितलं होतं. घरातल्या एका बाईला विचारलं असतं तरी पुरे होतं. पण बायकांना विचारतो कोण?

आता मी काय करायचं? भाऊंना सांगितलं तर ते तडक मांडवात जाऊन हंसाबाईंना दमात घेणार. हंसाबाई उठून निघून गेल्या तर नवरीचं आवतण मोडलं, उद्घाटन मोडलं आणि खापर आमच्या डोक्यावर. नाही सांगितलं तर ते नाव थेट हवेत जाणार. पत्रिकेवर आमची फ्रीक्वेन्सी छापली होती. भाऊंनी घरोघर छोटे रेडिओ वाटले होते. कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्यांनीसुद्धा लावून ठेवले होते.

मी मधली वाट काढली. माझ्या समोरच्या मिक्सरवर आवाज कमी-जास्त करायच्या दोन पट्ट्या होत्या, एक मांडवातल्या माईकची, एक स्टुडिओतल्या. नाव आलं की मांडवाची पट्टी खाली ओढायची, उत्तर झालं की वर करायची. तेवढ्यापुरता आवाज गेला, पहिला दिवस आहे, लोक समजून घेतील. बारा गावचं पाणी प्यायलेली बाई मी, एवढं जमायला हरकत नव्हती.

वेळ झाली. मी स्टेशनचं नाव सांगितलं, चार वाक्यं बोलले आणि मांडवाची पट्टी वर केली.

आधी बांगड्या ऐकू आल्या, मग कोणाचं तरी दबकं हसू, आणि मग हंसाबाईंचा आवाज. गोड नव्हता तो. ओल्या दोरखंडासारखा जाड, चिवट आवाज होता.

"मधल्या बावीच्या पान्या, तुला आवतान. चुऱ्यांच्या दारी मांडव, तू न्हानाला ये."

"आलं गं आलं," मीरावहिनी म्हणाल्या. तांब्या ओतल्याचा आवाज आला.

परेशभाऊ हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबून धरत पुढे सरकले. "मधली बाव माझ्या आजोबांनी बांधली," ते मला म्हणाले. पुढची विहीर आली, त्याच्या पुढची आली. प्रत्येक नावाला ते मान हलवत होते. वाडीच्या टोकाची, कोणी न वापरणारी एक विहीर हंसाबाईंनी आठवणीने बोलावली, तेव्हा त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "सगळी नावं घेतात?" त्यांनी विचारलं.

"सगळी," मी म्हटलं.

मला त्यांची दया आली. राग यायला हवा होता, पण दया आली, आणि त्यामुळे मी आणखीच घाबरले.

विहिरी संपल्या. हंसाबाईंनी खाकरून घसा साफ केला. "आता खलांना बोलवू," त्या म्हणाल्या.

परेशभाऊंची मान हलायची थांबली.

"थोरल्या बावखलाच्या पान्या, तुला आवतान."

"आलं गं आलं."

"खलांना म्हणजे?" परेशभाऊंनी हळूच विचारलं. माझं बोट पट्टीवर होतं.

"चाफ्याच्या बावखलाच्या पान्या, तुला आवतान."

"आलं गं आलं." वहिनींचा आवाज बारीक झाला होता.

"मॅडम," परेशभाऊ म्हणाले, "पुढचं कोणतं आहे?"

"जोगनीच्या बावखलाच्या पान्या," हंसाबाईंनी हाक मारली, "तुला आवतान. चुऱ्यांच्या दारी मांडव, तू न्हानाला ये."

मी पट्टी खाली ओढली नाही. ठरवलं होतं, बोट जागेवर होतं, एक टिचकी पुरली असती. पण मांडवातून उत्तर येत नव्हतं, आणि त्या न येणाऱ्या उत्तरावर माझ्याने हात टाकवेना. बारा वर्षं मी दुसऱ्यांनी लिहून दिलेलं, दुसऱ्यांनी तपासलेलं वाचलं होतं. इथे पहिल्यांदा काहीतरी न तपासलेलं चाललं होतं, आणि ते बंद करणारी पहिली मीच होणार होते. माझा मलाच संताप आला.

"बंद कर," परेशभाऊ म्हणाले. ते मला नेहमी अहो-जाहो करत. "ऐकू येत नाही का? बंद कर ते."

"आवतण मधे तोडता येत नाही, भाऊ. तुमच्या आर्याचं आहे."

"जागा माझी आहे."

"माहीत आहे."

ते उठले. त्यांनी माझा हात बाजूला केला आणि पट्टीवर स्वतःचा अंगठा ठेवला. तेवढ्यात वहिनी बोलल्या.

"नाही आलं."

अंगठा तिथेच राहिला.

"का नाय आलं?" हंसाबाईंनी विचारलं. त्या गाण्यातून बाहेर आल्या नव्हत्या, त्याच चालीत विचारत होत्या.

"बुजलंय."

"कोनी बुजवलं?"

मांडवात कोणी हललं नसावं, कारण एक बांगडीसुद्धा वाजली नाही. बाहेर रस्त्यावर रिक्षावाल्याचा रेडिओ चालू होता. त्यातूनही हीच शांतता येत होती.

"आम्ही," वहिनी म्हणाल्या. "आम्ही बुजवलं, मावशी. माझ्याकडे त्याचा तांब्या नाही."

परेशभाऊ खाली बसले. मला वाटलं होतं की ते ओरडतील, वायरी उपटतील. त्यांच्या हातातला गजरा खाली पडला, तो त्यांनी उचलला, मांडीवर ठेवला, पुन्हा उचलला.

"मग बापानं सांगावं, आनतो का नाय," हंसाबाई म्हणाल्या. "कुठाय परेश?"

"बाबा रेडिओवर आहेत," आर्याचा आवाज आला. रडवेला होता, पण स्पष्ट. "ऐकतायत ते."

हंसाबाई माईकच्या अगदी जवळ आल्या असाव्यात, कारण आवाज एकदम मोठा झाला. "परेश, ऐकतोस ना? तुझ्या आईचं आवतान मी केलं, तुझ्या बायकोच्या सासरी पावलं टाकायच्या दिवशी मीच होते. पोरीच्या हंड्यात एका तांब्याची जागा ठेवलीय. उद्या सकाळी तिचं न्हान. तू सांग, पानी आनतोस का नाय. तवर मी पुढचं नाव घ्यायची नाय."

आणि त्या थांबल्या. रेडिओत शांततेला सगळे घाबरतात. पाच सेकंद आवाज नसला की लोक दुसरं स्टेशन लावतात, असं आम्हाला शिकवलेलं. त्या दिवशी कोणीही दुसरं स्टेशन लावलं नाही, हे मी पैजेवर सांगते.

मी स्टुडिओतला माईक परेशभाऊंसमोर सरकवला आणि त्याची पट्टी वर केली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या रागाने माझ्याकडे आजवर कोणी पाहिलं नव्हतं.

त्यांनी माईककडे तोंड नेलं, मागे घेतलं. त्यांचा श्वास हवेत जात होता. नाही म्हणावं तर लेकीचं न्हाण मोडतं. हो म्हणावं तर त्या खड्ड्याला नाव होतं, पाणी होतं, सगळं कबूल. कसाही जबाब दिला तरी तो घराघरात ऐकला जाणार होता. वरून छप्पर तापलं होतं आणि त्यांच्या झब्ब्याची पाठ भिजून गेली होती.

"पुढचं नाव घे, मावशी," ते म्हणाले. "न्हाणाच्या आत आणतो."

"आलं गं आलं," मांडवातल्या रेडिओवर ते ऐकून मीरावहिनी म्हणाल्या, आणि त्यांच्यामागून सगळ्या बायका म्हणाल्या.

हंसाबाईंनी पुढच्या बावखलाला हाक मारली. परेशभाऊंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. दाराशी जाऊन, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "तुमचं सामान बांधून ठेवा, मॅडम." पुन्हा अहो-जाहो सुरू झालं होतं, आणि ते जास्त लागलं.

आवतण संपल्यावर डायना धावतपळत आली. मी तिला सांगितलं, तेव्हा ती माझ्यावरच चिडली. "एक पट्टी, ताई. एक पट्टी खाली करायची होती. तुम्हीच ठरवलं होतं ना?"

"ठरवलं होतं."

"मग?"

"नाही झाली माझ्याने."

ती उठून मिक्सरच्या वायरी काढायला लागली. आम्ही माईक कापडात गुंडाळले, ट्रान्समीटरचं खोकं शोधलं. मी रडले, आणि रडता रडता चिकटपट्टी कापत होते, कारण काम तर करायलाच हवं होतं. नवऱ्याला काय सांगायचं ते मी मनातल्या मनात तीन वेळा जुळवून पाहिलं. एकदाही जुळलं नाही.

दुपार कलताना रस्त्यावरून जेसीबीचा आवाज आला. डायनाने खिडकीतून पाहिलं. "ताई, मनोरा पाडायला आले."

मी जिना उतरून खाली गेले. काय करणार होते कोण जाणे. जेसीबीसमोर आडवी पडणार होते बहुधा. जेसीबी शेडसमोर थांबला, इंजिन चालूच होतं. ड्रायव्हर खाली उतरला.

"मॅडम, वो तालाब किधर था?"

"कौनसा तालाब?"

"मालूम नहीं. सेठ बोले, रेडिओवालों को पूछो."

बुजलेल्या तळ्याची जागा स्वतः बोट करून दाखवणं परेशभाऊंच्या जिवावर आलं असणार. त्यांनी ते आमच्यावर ढकललं. पण मी विरारची, डायना गासची. आम्ही दोघींनी तिथे फक्त हिरवळ पाहिलेली. लांब-रुंद, सपाट, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखी. नेमकं बावखल कुठे होतं, ते आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं.

"वायरी जोड," मी डायनाला म्हटलं.

तिने जोडल्या. मी श्वास घेतला आणि हवेवर गेले. "जोगणीचं बावखल कुठून कुठपर्यंत होतं हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी कृपा करून शेडच्या मागच्या हिरवळीवर यावं. जेसीबी उभा आहे." एवढंच बोलले. दुसरं काही सुचलंही नाही.

सगळ्यांत आधी मीरावहिनी आल्या, हळदीच्या साडीतच. हिरवळीवर थोडं मागे-पुढे चालल्या आणि एका जागी उभ्या राहिल्या. "इथे कपडे धुवायचा दगड होता," त्या म्हणाल्या. मग शेजारची एक म्हातारी आली, ती पानवेलीच्या कुंपणापाशी थांबली. मग मांडवातल्या बायका आल्या, दोन रिक्षावाले आले, मंडपाचं काम सोडून काही पुरुष आले. कोणी म्हणत होतं, इथे उतार होता. कोणी म्हणत होतं, नाही, दोन हात पुढे. भांडणंही झाली. हंसाबाई एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून सगळ्यांना मागे-पुढे सरकवत होत्या. जो तो आपल्या आठवणीतल्या काठावर उभा राहिला आणि हळूहळू हिरवळीवर माणसांचं कडं झालं. जिथे मला दोन वर्षं काही दिसलं नव्हतं, तिथे बावखल दिसायला लागलं.

एका बाजूला मोठी फट राहिली होती. तिथला काठ कोणालाच नीट सांगता येईना. परेशभाऊ त्यांच्या गाडीला टेकून लांब उभे होते. कोणी त्यांना बोलावलं नाही. काही वेळाने ते स्वतःच चालत आले, पायातले बूट काढले आणि त्या फटीत येऊन उभे राहिले.

"इथून आम्ही उड्या मारायचो," ते जेसीबीवाल्याला म्हणाले.

जेसीबी चालू झाला. आधी हिरवळ निघाली, मग माती, मग सिमेंटचे तुकडे आणि फुटक्या लाद्या. बऱ्याच वेळाने बादली वर आली तेव्हा तिच्या दातांवरून काळं, गढूळ पाणी ठिबकत होतं. वहिनींनी पदर तोंडाला लावला.

परेशभाऊ माझ्याजवळ आले. पाय चिखलाने माखले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, खड्ड्याकडेच बघत राहिले.

"निवळायला रात्र जाईल," ते म्हणाले. "मॅडम, रेडिओवर सांगा, सकाळी तांबे घेऊन या."

मी वर गेले आणि सांगितलं.